कडी आपण लावायची

मैत्रिणींनो, मागच्या उन्हाळ्यात आमच्या घरी चोरी झाली. सोनं-नाणं गेलं नाही, मोबाइल गेला नाही, दारातली स्कूटरही जागच्या जागी होती. गेले ते मागच्या अंगणातले दोन गिनी पिग. हसलात ना? आमच्या भिशीतल्या बायकाही हसल्या होत्या. पण त्या दोन मुक्या जिवांपायी माझ्या हातून जे घडलं, ते आठवलं की आजही मान खाली जाते. म्हणूनच आज हा विषय.

गिनी पिग म्हणजे पांढरे उंदीर नव्हेत, हे आधीच सांगून टाकते. कारण पहिल्या दिवशी आमच्या सासूबाईंनी 'घरात उंदीर काय कमी होते?' म्हणून कपाळावर हात मारून घेतला होता. नाव गिनी पिग, पण हा प्राणी ना आफ्रिकेतल्या गिनी देशाचा, ना डुकराच्या जातीचा. मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताकडचा. शेपूट दिसतच नाही, कान पाकळीसारखे, अंगावर मऊ केस, वजन साधारण किलोभर. उंच उडी मारणार नाही, झाडावर चढणार नाही. घाबरला की एक तर जागच्या जागी थिजतो, नाही तर दिसेल त्या अंधाऱ्या सांदीत घुसतो. देवानं त्याला ना शिंगं दिली, ना सुळे, ना विष. म्हणजे त्याचं रक्षण करायचं ते पाळणाऱ्यानंच.

आमची लेक तेव्हा सहावीत. संक्रांतीच्या सुमारास हट्ट करून तिनं ही जोडी आणली. एकीच्या अंगावर काळे ठिपके म्हणून ती तिळू, दुसरी तांबूस म्हणून गुळू. 'ताई, एकटं नेऊ नका, झुरतं. जोडीनंच न्या,' असं दुकानदारानं सांगितलं होतं. त्याचं खरंच होतं, हा कळपात राहणारा प्राणी. घरात वास येईल म्हणून आमच्या ह्यांनी फर्मान काढलं, 'अंगणात ठेवा.' मग सुताराकडून जुन्या फळ्यांचं एक खुराडं करून घेतलं. त्याला कोंबड्यांसाठी मिळते ती षटकोनी जाळी ठोकली, दाराला लाकडाची फिरकी लावली आणि पेरूच्या झाडाखाली, मागच्या फाटकापासून चार पावलांवर ते ठेवून दिलं. गल्लीतली पोरं फाटकाच्या गजांतून डोकावायची, हाका मारायची. आम्हालाही त्याचं कौतुकच. लेकीच्या व्हॉट्सअॅप स्टेटसला तर रोज नवा फोटो!

आमच्याकडे धुणंभांडी करायला मावशी येतात. वयानं माझ्यापेक्षा लहान, पण मुलं मावशी म्हणतात म्हणून मीही मावशीच म्हणते. सुट्टी लागली की त्यांचा दहा वर्षांचा मुलगा आईबरोबर येई. त्याला त्या दोघींचा भारी लळा. कोथिंबिरीच्या काड्या, गाजराचा पाला तोच भरवायचा. एक गंमतही त्यानंच आम्हाला दाखवली. भाजीची पिशवी नुसती चुरगळली, की खुराड्यातून 'वीक, वीक' अशी शिट्टी यायची! 'काकू, ह्यांना पिशवीचा आवाज बरोबर कळतो,' तो मोठ्या अभिमानानं सांगायचा. एकदा त्यानं विचारलं होतं, 'काकू, पिल्लं झाली की मला एक द्याल?' दोघी माद्याच, पिल्लं कुठली व्हायला! मी हसून 'बघू' म्हटलं.

एप्रिलमधला एक रविवार. दुपारी घर झोपलेलं. चार वाजता लेक पाणी बदलायला मागे गेली ती किंचाळतच आली. फिरकी फिरलेली, दार सताड उघडं, खुराडं रिकामं. रक्ताचा थेंब नाही, केसांचा पुंजका नाही. शेजारच्या काकू कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या. 'मांजरानं नेलं असतं तर खुणा दिसल्या असत्या. हे माणसाचंच काम. आणि माणूस कोण, ते मी सांगायला हवं का?'

मी त्यांना काहीच बोलले नाही. 'हो' म्हटलं नाही, पण 'भलतंच काय बोलता' असंही म्हटलं नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, मावशी भांडी घासत असताना, मी विचारलंच, 'मावशी, तुमचा मुलगा काल दुपारी इकडे आला होता का हो?'

शब्द साधेच. पण सूर? बाईला सूर बरोबर कळतो. त्यांचा हात क्षणभर थांबला. मग त्यांनी उरलेली भांडी घासली, ओटा पुसला आणि गेल्या. संध्याकाळी आल्या त्या पोराच्या दंडाला धरूनच. 'वहिनी, तुमीच इचारा ह्याला. तुळशीवर हात ठेवून सांगंल त्यो.' पोरगं आवाज न करता रडत होतं. वृंदावनावर त्याचा इवलासा हात, आणि आम्ही सगळे पायऱ्यांवर उभे. 'मी नाही नेलं काकू.' 'अहो राहू दे' हे तीन शब्द म्हणायला मला जेवढा वेळ लागला, तेवढा लागायला नको होता.

मंगळवारी मावशी आल्या नाहीत. त्या संध्याकाळी मी मागच्या पायरीवर मेथी निवडायला बसले. पिशवी सोडली, चुरगळली, आणि भिंतीलगतच्या जुन्या कौलांच्या ढिगातून आवाज आला, 'वीक!' हातातली जुडी टाकून धावले. कौलं उचलली तर खाली तिळू. धुळीनं माखलेली, वाळलेली, पण जिवंत. शेजारी नळ गळतो, त्या ओलीवर आणि चार काड्या गवतावर ती तगली होती. ज्या पोराला मी तुळशीपाशी उभं केलं, त्याच्याच युक्तीनं ती मला सापडली.

तरीही मी लगेच मावशींकडे गेले का? नाही. खोटं कशाला बोलू! मनात आलं, एकच तर सापडली, दुसरीचं काय? संशय असा चिवट असतो.

पुढच्या रविवारी फाटक वाजलं. दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या एक बाई, सोबत त्यांचा आठवीतला मुलगा आणि हातात बुटांचं खोकं. खोक्यात गुळू! झालं होतं असं : चेंडू आणायला म्हणून मुलगा मित्राबरोबर आमच्या अंगणात शिरला, गंमत म्हणून फिरकी फिरवली. एक निसटली, दुसरी त्यानं सॅकमध्ये घालून नेली. घरी सांगितलं, मित्रानं दिली. लेकीच्या स्टेटसवरचे फोटो कुणीतरी त्या बाईंना दाखवले, तेव्हा त्यांनी डाव्या डोळ्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यावरून गुळूला ओळखलं आणि मुलाला घेऊन तडक आल्या. मानलं त्या माऊलीला! पण आम्ही काय म्हणालो ठाऊक आहे? 'अहो, लहान आहे तो. गंमत केली त्यानं. बसा, सरबत घ्या.'

ज्यानं नेलं त्याला कोकम सरबत, आणि ज्यानं नेलं नाही त्याला तुळशीवर हात! चोर सोडून संन्याशाला फाशी, ती आणखी काय वेगळी असते? सरबत दिलं यात चूक नव्हती. मूल चुकलं, आईनं त्याला आणून उभं केलं, तिथे सरबतच द्यायला हवं. चूक ही, की दुसऱ्याच्या वाट्याला ते आलं नाही.

मैत्रिणींनो, मी पंधरा वर्षं घरकामगार बायकांच्या गटात काम करते. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झाला. तो काय आहे, नोंदणी कशी करायची, हे मी वस्त्यांतून सांगत फिरते. बायका जमल्या की पगार, सुट्टी या तक्रारी येतातच. पण डोळ्यांत पाणी येतं ते चोरीच्या आळाच्या आठवणीनं. अंगठी हरवली म्हणून बाईला काढून टाकायचं, आणि पुढे ती डाळीच्या डब्यात सापडली तरी निरोपसुद्धा धाडायचा नाही. अशा घरांमध्ये मी मध्यस्थी करून आले आहे. 'आधी स्वतःचं घर शोधा, मग दुसऱ्याचा पदर झाडा,' हे वाक्य मी किती भाषणांत म्हटलं असेल! आणि स्वतःच्या अंगणात?

कायदाही आपल्यापेक्षा मोठ्या मनाचा निघाला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत चोरीचं कलम ३०३ आहे. त्यात सोय अशी, की चोरलेल्या वस्तूची किंमत पाच हजारांच्या आत असेल, गुन्हा पहिलाच असेल आणि ती वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर शिक्षा तुरुंगाची नाही, समाजसेवेची. म्हणजे खरोखर चोरी केलेल्यालाही कायदा परतीची वाट ठेवतो. आपण मात्र न केलेल्यालाही ठेवत नाही.

मग मी एक विचार केला. त्या दुपारी दाराला फिरकीऐवजी कडी आणि कुलूप असतं, तर त्या आठवीतल्या मुलाला मोह झाला नसता, तिळू दोन दिवस उपाशी राहिली नसती आणि एका आईला आपलं लेकरू दंडाला धरून आणावं लागलं नसतं. चार पैशांची कडी मी लावली नाही. तिची किंमत दुसऱ्यानं भरली. आपण निष्काळजीपणा करायचा आणि वस्तू गेली की सगळ्यांत दुबळा माणूस शोधायचा, ही आपली जुनी खोड.

तेव्हा आता कडीबद्दल बोलू. ज्यांच्या अंगणात असे मुके जीव आहेत, मग ते गिनी पिग असोत नाही तर ससे, त्यांनी हे जरूर वाचावं. मी ठेच खाऊन शिकले.

पहिली गोष्ट, रात्री त्यांना घरात घ्या. मला हे वाचून गंमत वाटली, की पेरू-बोलिव्हियाकडच्या डोंगराळ खेड्यांत हा प्राणी हजारो वर्षं पाळतात (तिकडे तो खाण्यासाठी असतो, हे लेकीला सांगायची सोय नाही!), पण तो परंपरेनं राहतो कुठे? स्वयंपाकघरात, चुलीच्या उबेला, घरच्या बाईच्या नजरेखाली. पाल्याची देठं, सालं तिथेच खातो. आपण मात्र त्याला फाटकाशी ठेवलं! आमच्याकडे आता तिन्हीसांजेला दिवा लावला की तिळू-गुळू मागच्या पडवीत येतात. वासाचं म्हणाल, तर तो प्राण्याचा नसतो, आपण न बदललेल्या गवताचा असतो. आणि आपल्याकडच्या उन्हाचीही आठवण ठेवा. तिशीच्या वर पारा गेला की यांना त्रास होतो, उष्माघातानं जीवही जातो. तेव्हा मे महिन्यात दुपारीही घरातच बरं.

दुसरी गोष्ट जाळीची. ती षटकोनी जाळी कोंबडी आत ठेवायला ठीक. कुत्र्याला बाहेर ठेवायला कुचकामी. कुत्रं ती दातानं ओढून फाडतं, मुंगूस आणि मांजर पंजा घालतात, धामणीसारखा साप सरळ आत येतो. हार्डवेअरच्या दुकानात अर्धा इंची वेल्डमेश मागा. नुसत्या खिळ्यांवर ठोकू नका. कडेनं लाकडी पट्टी आणि स्क्रू लावा. वरूनही जाळी हवीच. 'हा कुठे उडी मारतोय' म्हणून आपण छत उघडं ठेवतो. पण तो बाहेर येत नसला तरी मांजर, कावळा, घार आत येऊ शकतात ना!

तिसरी गोष्ट जमिनीची. आमच्या अंगणात घुशी आहेत. त्या भुसभुशीत मातीत बीळ पाडून खालून येतात. खुराडं शहाबादी फरशीवर ठेवा, नाही तर तळालाही तीच जाळी मारून वर जाड गवत अंथरा. उघड्या जाळीवर त्यांचे पाय सोलवटतात. आत एक अंधारी पेटी ठेवा. शत्रू आत शिरला नाही, नुसता बाहेर घोटाळला, तरी भीतीनं यांचा जीव जाऊ शकतो. लपायला जागा असली की धीर येतो.

चौथी गोष्ट कडी. लाकडाची फिरकी पोरंही उघडतात, मांजरही खेळता खेळता फिरवतं. चांगला कडी-कोयंडा आणि छोटं कुलूप लावा. किल्ली स्वयंपाकघरात खिळ्याला, घरातल्या सगळ्यांना ठाऊक असेल अशी. खुराडं हलकं असेल तर ते भिंतीला पट्टीनं बांधा, नाही तर कुलपासकट उचलून नेतील! रस्त्यावरून दिसेल असं ठेवू नका. फाटकाला एक घुंगरू किंवा घंटा बांधा, उघडलं की कळतं. हालचाल झाली की लागणारा दिवाही आता सहज मिळतो. दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवा. अंगावरचे ठिपके-पट्टे हीच त्यांची ओळख. पण ते फोटो गावभर मिरवू नका. आमच्या बाबतीत फोटोमुळेच गुळू परत आली हे खरं, तरी रोज घराचा नकाशा दाखवायची गरज नाही.

आणि समजा, हरवलंच, तर आधी घराभोवती शोधा. हा प्राणी पळत लांब जात नाही. कुंड्यांमागे, लाकडाच्या ढिगाखाली, गाडीखाली बघा. त्याची ओळखीची पेटी आणि हिरवा पाला बाहेर ठेवा. सगळं शांत झालं की भाजीची पिशवी वाजवा आणि कान द्या. हा उपाय कुणी सांगितला, ते आता तुम्हाला ठाऊक आहेच.

एक मात्र करू नका. मुंगूस येतं, साप येतो म्हणून विष ठेवणं, फासे लावणं नको. मुंगूस, धामण यांना वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली संरक्षण आहे. आणि त्यांचं तरी काय चुकलं? भूक लागली, दार उघडं दिसलं. त्यांच्यासाठी सापळा नको, आपलं दार बंद हवं.

गुळू परत आली त्याच संध्याकाळी मी मावशींच्या घरी गेले. फोनवर बोलून भागणार नव्हतं. त्यांच्या दारात, शेजारणी ऐकत असताना, म्हटलं, 'मावशी, मी चुकले. तुमच्या मुलावर मी उगाच संशय घेतला.' आळ चारचौघांत घेतला होता, माफी तरी चोरून का मागायची? त्यांनी डोळ्यांना पदर लावला, मग चहा टाकला. मुलगा आतल्या दाराशी उभा होता, बाहेर आला नाही.

मावशी दुसऱ्या दिवसापासून कामाला येऊ लागल्या. मुलगा मात्र फाटकाबाहेर कट्ट्यावर बसून राही. मी बोलावलं, लेकीनं बोलावलं. तो नुसती मान हलवी. पुढच्या आठवड्यात सुतारानं नवं खुराडं आणून ठेवलं. मी कुलूप लावत होते, तेव्हा तो गजांतून बघत होता.

'काकू, कुलूप लावलं का?'

'हो रे, लावलं.'

'किल्ली तुमच्याकडंच राहणार ना?'

'माझ्याकडंच.'

'मग येतो,' तो म्हणाला. 'आता काय गेलं, तर माझं नाव येणार नाही.'

दहा वर्षांच्या मुलानं हे म्हणावं! मी कुलूप लावत होते ते तिळू-गुळूसाठी. त्याला मात्र ते स्वतःसाठी हवं होतं.

मैत्रिणींनो, आपल्या घरात येणाऱ्या-जाणाऱ्यांवर विश्वास ठेवायचा म्हणजे दारं उघडी टाकायची असं नव्हे. उलट कपाटाला कुलूप असावं, दागिने जागच्या जागी असावेत, खुराड्याला कडी असावी, म्हणजे उद्या काही दिसेनासं झालं तरी कुणा गरिबाच्या लेकराला तुळशीपाशी उभं राहावं लागणार नाही. आज रात्री झोपण्यापूर्वी एकदा मागच्या दाराकडे चक्कर मारा आणि कडी नीट बसली आहे ना, ते स्वतः हात लावून बघा.